गेटाच्या आतलं तांबं

नथूच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सिल्वासाजवळच्या मसाटच्या अर्ध्या औद्योगिक वसाहतीत बोललं जातं. आमची कंपनी तांब्याची. बाहेरून जाड सळया येतात, आत त्यांच्या पट्ट्या आणि तारा निघतात, आणि त्यातला वीतभर तुकडा जरी कुणी खिशातून नेला तरी बाहेरचा भंगारवाला तो आनंदाने ठेवून घेतो. त्यामुळे मॅनेजर कुणीही असो, आमच्याकडे खरी कंपनी चालते ती गेटावर. आणि गेटावर एकोणीस वर्षं नथू आहे.

मी नारायण. त्याच गेटाच्या खिडकीत बसून आवक-जावकचं रजिस्टर लिहितो. मूळचा गुहागरकडचा, तोंडाचा फटकळ, आणि खरं सांगायचं तर कामाचा जरा कंटाळा असलेला. नथू नंदुरबारकडचा. कडक इस्त्रीचा गणवेश, उन्हाने रापलेला चेहरा, आणि हसू आलंच तर मिशीखालीच जिरवायची सवय. आमचं दोघांचं पटावं असं काहीच नव्हतं. पण एकाच पंख्याखाली चौदा वर्षं काढली की माणसं एकमेकांना सहन करायला शिकतात. पुढे पुढे तर तो रजेवर गेला की मलाच करमेनासं व्हायचं.

त्याचे नियम सगळ्यांना पाठ होते. डबा प्लास्टिकचा. पाण्याची बाटली आरपार दिसणारी. बोटात तांब्याची अंगठी असेल तर ती गेटावरच काढून ठेवायची, मग ती कुठल्या का ज्योतिषाने दिलेली असेना. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की बाहेरून आत येणारं कुठलंही तांबं आधी माझ्या रजिस्टरात लिहायचं. लिहिलं असेल तर संध्याकाळी परत न्या. लिहिलं नसेल तर ते कंपनीचं. तो स्वतःही रोज घरी जाताना आपली पिशवी पुतळाबाईच्या टेबलावर ठेवायचा. पुतळाबाई बायकांची झडती घेते. ती वयाने त्याच्यापेक्षा मोठी आणि जिभेने माझ्यापेक्षा तिखट. "अरे, तुझी पिशवी रोज रोज काय बघायची? त्याच दोन भाकरींचा वास!" असं म्हणत ती पिशवी उघडायची. पण उघडायची.

या नियमापायी त्याने एक घर तोडलं होतं. तेही स्वतःच्या भावकीतलं.

कावेरी त्याच्या चुलतभावाची, संजूची बायको. आमच्याकडेच तारेच्या रिळांवर काम करते. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात तिने पहिल्यांदाच सिल्वासातल्या आपल्या खोलीत कानबाई बसवायचं ठरवलं. खान्देशातल्या लोकांचं हे मोठं कौतुकाचं दैवत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कलशावर नारळाची देवी मांडतात, तिला नथ घालतात, रात्र जागवतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत बोळवतात. दरवर्षी गावी जाणं परवडत नाही, सुट्टी मिळत नाही, म्हणून कानबाईच इथे आणायची, असा कावेरीचा बेत. शनिवारी सकाळी कामावर येता येता तिने बाजारातून तांब्याचा नवा तांब्या घेतला आणि घाईघाईत पिशवीतून तसाच आत नेला. नोंद राहिली. संध्याकाळी गेटावरचं धातू शोधणारं यंत्र वाजलं.

सगळ्यांना दिसत होतं की तो भांड्याच्या दुकानातला तांब्या आहे. बिलसुद्धा होतं तिच्याकडे. पण त्याच महिन्यात दुहेरी तळाच्या डब्यातून तार गेली होती आणि एका पहारेकऱ्याची नोकरी त्यापायी गेली होती. नथूने तांब्या ठेवून घेतला. कावेरी मॅनेजरसाहेबांकडे गेली. साहेब भले, म्हणाले, "गेटवाल्याचं म्हणणं काय ते विचारा, तो हो म्हणाला तर न्या." गेटवाला म्हणाला, "नियम." तांब्या भंगाराच्या पिंपात गेला, पिंप भट्टीत.

कावेरी रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "नथूभाऊ, माझ्या जागी तुमची सोनी असती, तरी असंच केलं असतं का?" त्या वर्षी तिने कानबाई स्टीलच्या तांब्यावर बसवली.

कानबाईला गव्हाचे रोट करतात. त्यांच्या भावकीची रीत अशी, की दळणाचे गहू घेताना माणसागणिक सव्वा मूठ घ्यायची आणि प्रत्येक मुठीला त्या माणसाचं नाव घ्यायचं. रोट खायचे तेही फक्त भावकीतल्यांनीच. मी परका, मला चौदा वर्षांत त्याचा कण मिळालेला नाही, आणि त्यावरून मी नथूला भरपूर टोमणे मारलेत. त्या श्रावणात कावेरीने गहू घेतले तेव्हा नथूच्या घरची नावं घेतली नाहीत. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यानंतर मी तो टोमणा बंद केला.

आता सोनीबद्दल. नथूची ही एकुलती एक मुलगी; घरात तो, बायको आणि ही, अशी तीनच माणसं. आयटीआयमधून मशिनिस्ट झाली आणि गलोंड्याला प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर लागली. दिवसा लोखंड कातायचं, संध्याकाळी घरी जुन्या कॉम्प्युटरवर साच्यांची डिझाइनं करायची. हातात कसब होतं. बाहेरची कामंही यायला लागली होती. पण नथूची खोली पत्र्याची, आणि सिल्वासाचा मे महिना काही कुणाची भीड ठेवत नाही. एखादं मोठं काम लावलं की कॉम्प्युटर तापून तापून आपोआप बंद पडायचा आणि तीन तासांचं काम वाया जायचं. पंखे बदलून झाले, झाकण काढून झालं, समोर टेबलफॅन लावून झाला.

मग तिने इंटरनेटवर बघितलं की लोक घरच्या घरी पाण्याने कॉम्प्युटर थंड करतात. तांब्याच्या ठोकळ्यात बारीक बारीक चर पाडायचे, वर ॲक्रिलिकचं झाकण बसवायचं, आतून पाणी फिरवायचं. ठोकळा प्रोसेसरवर बसतो, त्याची उष्णता तांबं शोषून घेतं आणि पाणी ती वाहून नेतं. माशांच्या टाकीतला पंप आणि मोटरसायकलचा जुना रेडिएटर तिने जमवलाही. कॉम्प्युटरमध्ये पाणी सोडणार हे ऐकल्यावर नथूने आधी मेन स्विच पाडला आणि मग मुलीशी बोलायला बसला. दोन दिवस त्या घरात दिवे जपूनच लागत होते.

एकदा त्याला पटलं, आणि मग तोच तिच्यापेक्षा जास्त मागे लागला. तयार ठोकळा सोनीने मागवून पाहिला होता. तांब्याचा म्हणून आला आणि कानशीने खरडल्यावर आतून पांढरा निघाला. म्हणून स्वतःच करायचा. त्याला हवी होती वीतभर लांब, तीन बोटं रुंद आणि चांगली जाड अशी शुद्ध तांब्याची पट्टी.

मी हसलो. म्हटलं, "नथू, काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझ्या पाठीमागे टनावारी तांबं पडलंय."

"कळसा माझा नाही ना, नारायणभाऊ," तो म्हणाला.

तर हा नथू पुढचा महिनाभर गावात तांबं शोधत फिरला. सिल्वासाच्या हार्डवेअरवाल्यांनी त्याला पूजेच्या पळ्या दाखवल्या. एका भांडेवाल्याने ताम्हन पुढे केलं आणि "यही प्योर छे, काका," असं गुजराती-हिंदीची मोट बांधून सांगितलं. भांड्याचा पत्रा पातळ, त्यात चर कसे पाडणार? शिवाय ताम्हन कापणं नथूला पटलंही नसतं.

शुद्ध तांबं ओळखायची त्याची स्वतःची एक पद्धत होती. टपरीवर त्याचा स्टीलचा मग असतो. त्यात उकळता चहा घ्यायचा, तुकड्याचं एक टोक चहात बुडवायचं आणि दुसरं बोटांत धरायचं. पितळ असेल तर माणूस शांतपणे उभा राहतो. तांबं असेल तर लगेच बोट झटकतो. सोनी म्हणाली की कॉम्प्युटरला नेमकं हेच लागतं, म्हणजे एका टोकाची उष्णता पटकन दुसऱ्या टोकाला जाणं. तेव्हापासून नथू या परीक्षेबद्दल शास्त्रज्ञाच्या थाटात बोलायला लागला आणि टपरीवाला मात्र त्याचा मग वेगळा विसळायला लागला.

गलोंड्याच्या रस्त्याला गजाननचं भंगारचं दुकान आहे. तिथे एकदा त्याला हवी तश्शी पट्टी मिळाली. चहाच्या परीक्षेत बोट भाजलं, नथूचा चेहरा उजळला. मग त्याने पट्टी उलटी केली. टोकाला अर्धवट घासलेला हिरवा रंग होता. आमच्या कंपनीत प्रत्येक पट्टीच्या टोकाला तो रंग मारतात.

"ही कुठून आली?" नथूने विचारलं.

"भाऊ, इथे माल येतो, त्याची जन्मपत्रिका नाही येत," गजानन म्हणाला.

नथूने पट्टी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या गेटावर टेंपोच्या सीटखालची पेटीही उघडायला लागली. टेंपोवाले अजून शिव्या देतात.

मध्ये सोनीने जुन्या तारा वितळवून स्वतःच ठोकळा ओतायचाही प्रयत्न केला. दिसायला फार देखणा झाला. नथूने त्याचं टोक चहात बुडवलं आणि बराच वेळ नुसताच धरून उभा राहिला. बोटाला काहीच कळेना. तारांवर कथलाचा मुलामा होता, तो वितळून तांब्यात मिसळला होता. एवढीशी भेसळ, पण तांब्याचा गुणच गेला. सोनीने तो ठोकळा दाराला टेकण म्हणून लावला.

अशात वर्कशॉपच्या मालकाने जुनं मिलिंग मशीन विकलं. नवीन कॉम्प्युटरवालं मशीन येणार होतं आणि त्यावर कुणाला खाजगी काम करू देणार नव्हते. जुनं मशीन सोमवारी उचलणार. मालक सोनीला म्हणाला, "रविवार तुझा. काय करायचं ते करून घे." एकच रविवार. तांबं शनिवारपर्यंत हातात हवं.

नथूने वापीच्या एका धातूच्या व्यापाऱ्याला गाठलं. सोनीने पगारातून पैसे दिले, व्यापाऱ्याने मापाने पट्टी कापून ठेवली. त्याचा टेंपो रोज सकाळी मसाटला येतो, तेव्हा शनिवारी सकाळी ड्रायव्हर गेटासमोरच्या टपरीवर पट्टी देईल असं ठरलं.

त्या सकाळी मीही टपरीवर होतो. ड्रायव्हरने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी आणि बिल नथूच्या हातात ठेवलं. नथूने कागद सोडला. लालसर, स्वच्छ, कोपरे करवतीने ताजे कापलेले. त्याने मग भरून घेतला, टोक बुडवलं आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागला. चारपर्यंतही गेला नसेल.

"आई गं!" म्हणून त्याने हात झटकला आणि हसला. तोंड उघडून हसला. चौदा वर्षांत मी त्याचे सगळे दात पहिल्यांदा पाहिले. "नारायणभाऊ, धरा, तुम्ही पण धरा!" मीही धरली, माझंही बोट भाजलं, आणि टपरीवाल्यासकट आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो.

तेवढ्यात सळयांचा ट्रक गेटाशी येऊन हॉर्न वाजवायला लागला. मागे दुसरा. नथूने पट्टी पुसली, डब्याच्या पिशवीत टाकली आणि धावत जाऊन गेट उघडलं. मी खिडकीत बसून ट्रकची नोंद केली, मग दुसऱ्याची, मग कामगारांची रांग लागली. मी तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझ्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी एक वाजता नथू जेवायला बसला. पिशवीत हात घातला आणि तसाच थांबला. मग उठून माझ्या खिडकीशी आला. चेहरा पांढराफटक.

"नारायणभाऊ," तो म्हणाला, "माझी नोंद राहिली."

मला क्षणभर कळेना कसली नोंद. कळलं तेव्हा मी हसायला लागलो. म्हटलं, "अरे, मी साक्षीदार आहे की! बिल आहे, टपरीवाला आहे."

"बिल कावेरीकडे पण होतं."

पुतळाबाई शेजारून म्हणाली, "आणि गेटाची केबिन काय आत धरतात का? पिशवी तर केबिनमध्येच होती."

"मी लोकांची झडती केबिनीत घेतो, बाई. तिथे सापडलं ते आत सापडलं, असंच धरतो ना?"

मी रजिस्टर उघडलं. सकाळच्या दोन ट्रकच्या मध्ये एक ओळ मोकळी सुटली होती, माझ्या आळशी हाताने अशा ओळी नेहमी सुटतात. मी पेन उचललं. "हे बघ, इथे लिहितो. तांब्याची पट्टी एक, नथू, वेळ सहा पन्नास. खोटं तर काही नाही ना यात? झालं."

नथूने ओळीकडे पाहिलं. उद्याचा रविवार, सोनीचं मशीन, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असणार. मला वाटलं, मानला.

मग म्हणाला, "त्या दिवशी पण अशी एखादी ओळ मोकळी होती का हो?"

होती. असणारच. माझ्या रजिस्टरात दर पानावर असते. कावेरीच्या तांब्याच्या वेळी मी इथेच बसलो होतो, हेच पेन माझ्या हातात होतं, आणि मला ओळ सुचली नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं, यांच्या घरचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावत आलो. मी पेन खाली ठेवलं. मला स्वतःची लाज वाटली.

"साहेबांकडे जा," मी तरी म्हणालो. "फोन कर. ते पास देतील."

"ते विचारतील, गेटवाल्याचं म्हणणं काय. काय सांगू मी?"

त्याने डबा तसाच बंद केला. दुपारभर तो गेटाशी उभा होता, खुर्चीवर बसला नाही. मध्ये एकदा सोनीचा फोन आला. "हो, मिळालं," एवढंच तो म्हणाला, आणि फोन ठेवून पाठ करून उभा राहिला. ती तिकडे खूश झाली असणार. मला ते फार लागलं.

संध्याकाळी भोंगा झाला. रांगा सरकल्या, डबे उघडले, यंत्र सगळ्यांच्या अंगावरून फिरलं. गर्दी ओसरली. कावेरी गेटाबाहेर संजूच्या मोटरसायकलची वाट बघत उभी होती. तेव्हा नथूने रोजच्यासारखी आपली पिशवी पुतळाबाईच्या टेबलावर ठेवली.

पुतळाबाईने पिशवीला हात लावला नाही. "मला काही दिसत नाही," ती म्हणाली. "माझा चष्मा घरी राहिलाय. जा तू."

"बाई, यंत्र फिरवा."

"नथू, पोरीचा विचार कर रे."

"फिरवा."

तिने फिरवलं. यंत्र वाजलं. रिकाम्या गेटावर ते फार मोठ्याने वाजलं, बाहेर उभ्या बायकांनी वळून पाहिलं. नथूने पट्टी बाहेर काढली, भंगाराच्या पिंपापाशी गेला आणि वरून न टाकता खाली वाकून आत ठेवली. पुसली होती तरी तिला सकाळच्या चहाचा डाग असेल. मग माझ्या खिडकीशी आला.

"लिहा," तो म्हणाला. "विनानोंद तांबं, एक नग."

"कुणाकडून?" मी विचारलं. विचारावं लागतं, तो रकाना आहे.

"नथू."

मी लिहिलं. मान वर केली तेव्हा कावेरी गेटाच्या गजांतून आत बघत होती. मग मोटरसायकल आली, ती मागे बसली आणि गेली.

सोनीचं काय झालं ते मला नथूने दोन दिवसांनी सांगितलं. दार उघडताच तिने हात पुढे केला होता. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझं तांबं कंपनीला दिलं. तुमचं असतं तर गोष्ट वेगळी." आणि ते खरंच होतं. रविवारी ती वर्कशॉपला गेली, मशीन साफ करून, तेल घालून परत आली. सोमवारी ते उचललं. आठ दिवस ती बापाशी बोलली नाही. नथूने तिला पट्टीचे पैसे देऊ केले, तेही तिने घेतले नाहीत.

पुढे तिने दुसरी युक्ती काढली. गजाननकडून जुन्या एसीची तांब्याची नळी आणली, गोल गुंडाळून चपटी केली, तांब्याच्या पत्र्यावर डाख देऊन जोडली आणि तीच प्रोसेसरवर बसवली. चरांच्या ठोकळ्याइतकं चांगलं काम ती करत नाही. पण कॉम्प्युटर बंद पडत नाही, एवढं खरं. हळूहळू ती बापाशी बोलायलाही लागली. पण नथू सांगतो, तांब्याचा विषय निघाला की ती अजून उठून आत जाते. तिला मी दोष देत नाही. आपल्या खरेपणाची किंमत दुसऱ्याने भरायची, हे मलाही पचलेलं नाही. नथूला मी तसं तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, "मला पण पचलं नाही, भाऊ." एवढंच.

श्रावण आला. नागपंचमी झाली. शनिवारी सकाळी मी खिडकी उघडतो तर रांगेच्या पुढे कावेरी. तिने पिशवीतून नवाकोरा तांब्याचा तांब्या काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"लिखी ल्या, नारायणभाऊ," ती म्हणाली. "तांब्या एक. संध्याकाळले घरी न्यायना शे."

मी लिहिलं. वेळ, नाव, नग. एवढ्या काळजीने मी आजवर कुठलीच ओळ लिहिली नव्हती. नथू शेजारी उभा होता, तो खाली बघत राहिला. तांब्या दिवसभर माझ्या खिडकीत होता आणि नथू येता-जाता त्याच्याकडे बघत होता. बाजारातला दुकानदार काही पळून जात नव्हता. संध्याकाळी घरी जाताना घेता आला असता तिला. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

संध्याकाळी ती आली. नथूने रजिस्टर बघितलं, तांब्या बघितला, नियमाप्रमाणे आत हात घालून तपासला. मग दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरला. कावेरीने तो घेतला, पदराने पुसला, पण जागची हलली नाही.

"आत्ता घरी जाऊन दळणाचे गहू काढते," ती म्हणाली. "सोनीले धाडजा. मला एकटीला होत नाही आता." आणि थांबून तिने विचारलं, "तुमना घरना कितला जण धरू?"

चौदा वर्षांत एवढी अहिराणी मलाही येते; घरची माणसं किती, किती जणांच्या मुठी घेऊ, असं ती विचारत होती. नथूने गेटाचा गज धरला. रांग मागे थांबली.

"तीन," मी म्हणालो.

"तुम्हाले नाही विचारलं, नारायणभाऊ," कावेरी नजर न हलवता म्हणाली. "त्यांनाच सांगू द्या."

नथूने बाहीने डोळे पुसले.

"तीन," तो म्हणाला.